हालश्टाट : एका दिवसात जाऊन यावे की मुक्काम करावा?

घाटवाट

नमस्कार. जूनच्या सुरुवातीला आईवडिलांसोबत ऑस्ट्रियाला जाण्याचे ठरत आहे. साल्झबर्गला आमचा मुक्काम असेल आणि परतीचे विमान व्हिएन्नाहून आहे. या दोन शहरांच्या दरम्यान हालश्टाट पाहावे, अशी वडिलांची फार इच्छा आहे. ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक असून युरोपातील लोहयुगाच्या पहिल्या पर्वाला ज्या गावाचे नाव दिले गेले ते गाव प्रत्यक्ष पाहायचे, एवढाच त्यांचा आग्रह आहे. आईला मात्र तळ्याकाठी शांतपणे बसायला मिळाले तरी पुरेसे आहे.

इंटरनेटवर शोधले की सगळीकडे एकच छायाचित्र समोर येते : तळ्यात उतरलेला चर्चचा टोकदार मनोरा, त्याच्या मागे लाकडी सज्जांची घरे आणि वर डोंगर. प्रवासी कंपन्यांच्या सहलींमध्ये या गावाला दोन-तीन तास दिलेले दिसतात. तेवढ्या वेळात ते छायाचित्र काढून होईल. परंतु वडिलांना जे पाहायचे आहे ते त्यात बसेल का, याची मला शंका आहे. शिवाय गर्दीबद्दलही बरेच उलटसुलट वाचायला मिळते.

म्हणून ज्यांनी हा भाग नीट पाहिला आहे त्यांना विचारतो की, साल्झबर्गहून सकाळी निघून संध्याकाळी परतणे शहाणपणाचे ठरेल की एक रात्र तिथेच काढावी? मिठाच्या खाणीची सफर सत्तरीच्या माणसाला झेपण्यासारखी आहे का? वडिलांचे गुडघे अधूनमधून दुखतात. सपाटीवर ते सावकाश कितीही चालतात, पण जिन्यांवर त्यांना त्रास होतो. रंगवलेल्या कवट्यांचे जे अस्थिगृह आहे ते पाहण्यासारखे आहे की केवळ विचित्र गोष्ट म्हणून प्रसिद्ध झाले आहे, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

सांजसावली

एका दिवसाच्या फेरीचा हिशेब आधी मांडून पाहा. साल्झबर्गहून रेल्वेने निघालात तर आटनांग-पुखहाइमला गाडी बदलावी लागते आणि हालश्टाट स्थानकापर्यंत साधारण अडीच तास लागतात. बसने बाड इशलपर्यंत जाऊन तिथून रेल्वे पकडली तरी वेळ फारसा वाचत नाही. म्हणजे येण्याजाण्यात पाच तास गेले. उरलेल्या वेळात खाण, संग्रहालय, चर्च आणि तळे हे सर्व बसवायचे म्हटले तर वडिलांना धावपळ करावी लागेल, आणि तीही नेमकी दुपारच्या ऐन गर्दीत. त्यामुळे माझे मत निःसंशय मुक्कामाच्या बाजूने आहे. शिवाय तुम्हाला पुढे व्हिएन्नालाच जायचे आहे, तेव्हा साल्झबर्गला परत येण्याचे कारणच उरत नाही. सामान सोबत घेऊन निघा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच आटनांग-पुखहाइममार्गे व्हिएन्ना गाठा.

रेल्वेने जाण्यात एक वेगळाच आनंद आहे. १८७७ मध्ये सुरू झालेला हा लोहमार्ग तळ्याच्या पूर्व किनाऱ्याने जातो आणि गाव पश्चिम किनाऱ्यावर आहे. स्थानक म्हणजे झाडीतला एक थांबा आहे. तिथून उतरून खाली धक्क्यावर जायचे आणि गाडीच्या वेळेशी जुळवून सुटणाऱ्या छोट्या बोटीने तळे ओलांडायचे. गावाचे पहिले दर्शन पाण्यातून घडते. १८९० पर्यंत या गावाला गाडीरस्ताच नव्हता. येणाऱ्याला बोट किंवा अरुंद डोंगरवाट हेच दोन पर्याय होते, हे लक्षात घेतले तर बोटीने येणे हाच गावात शिरण्याचा खरा मार्ग म्हणावा लागेल. मात्र दोन गोष्टींची काळजी घ्या. बोटीच्या तिकिटासाठी थोडे रोख युरो जवळ असू द्या, आणि ही बोट संध्याकाळी लवकर बंद होते हे विसरू नका. उशिराच्या गाडीने आलात तर पाण्यापलीकडे गाव दिसत असूनही तिथे पोहोचता येणार नाही. अशा वेळी पुढच्या ओबरट्राउन स्थानकावर उतरून टॅक्सी करावी लागते.

गुडघ्यांविषयी सांगायचे तर खाणीच्या डोंगरावर चढायला फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावरच्या रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी, आहे. तिचे खालचे स्थानक गावाच्या दक्षिणेकडील लान या भागात आहे. वर उतरल्यानंतर खाणीच्या तोंडापर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चढाची पायवाट आहे. ती रुंद आणि चांगली बांधलेली असल्यामुळे सावकाश गेल्यास वडिलांना अडचण येऊ नये. आत मात्र चालणे आणि पायऱ्या दोन्ही आहेत. खाणकामगारांच्या लाकडी घसरगुंड्या ही त्या सफरीची खास गंमत मानली जाते आणि त्यांपैकी सर्वांत लांब घसरगुंडी ६४ मीटरची आहे; पण घसरणे सक्तीचे नाही, बाजूच्या जिन्याने उतरता येते. आता ज्याचे गुडघे दुखतात त्याने जिना उतरावा की घसरून जावे, याचा विचार त्याने स्वतःच करावा. मला विचाराल तर घसरगुंडीच सोपी! परतीचा शेवटचा टप्पा खाणीच्या छोट्या गाडीत बसून होतो. आतले तापमान बारमाही ८ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे जून असला तरी स्वेटर लागतोच. खाण आणि फ्युनिक्युलर देखभालीसाठी काही काळ बंद ठेवल्या जातात, म्हणून राहण्याची जागा ठरवण्यापूर्वी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर तारखा पाहून घ्याव्यात.

आईंसाठी एक सूचना. गाव डोंगराच्या पूर्व पायथ्याशी असल्यामुळे ऊन सकाळी समोरून येते आणि दुपार कलताच गावावर डोंगराची सावली पडते. तळ्याकाठी उन्हात बसायचे असेल तर ते सकाळीच साधून घ्या. ते प्रसिद्ध छायाचित्र जिथून काढतात ती जागा गावाच्या उत्तर टोकाला आहे. तिथेही सकाळी लवकर गेलात तर प्रकाश चांगला मिळेल आणि गर्दीही नसेल.

ताम्रपट

तुमच्या वडिलांचा प्रश्न वाचून आनंद झाला, कारण बहुतेक लोक हालश्टाटला जाऊनही हालश्टाट पाहतच नाहीत. तळ्याकाठचे गाव सुंदर आहे हे खरे, पण आज दिसणारी घरे त्या मानाने अलीकडची आहेत. १७५० च्या मोठ्या आगीत मधल्या भागातील जुनी लाकडी घरे जळून गेली आणि बाजारचौक त्यानंतर नव्याने उभा राहिला. ज्या इतिहासामुळे या गावाचे नाव पाठ्यपुस्तकात आले तो खाली तळ्याकाठी घडलेला नसून वर, फ्युनिक्युलरच्या वरच्या स्थानकापलीकडे जी डोंगरांच्या कुशीतली अरुंद दरी आहे, तिथे घडला आहे. सांजसावली यांनी जिचा उल्लेख 'चढाची पायवाट' असा केला, ती वाट प्रत्यक्षात त्या प्रागैतिहासिक दफनभूमीला लागूनच जाते. वडिलांना तिथून घाईने नेऊ नका.

१८४६ मध्ये योहान गेओर्ग रामझाउअर या खाण-अधिकाऱ्याला तिथे थडगी सापडली. तो पुरातत्त्वज्ञ नव्हता आणि त्या काळी या शास्त्राच्या पद्धतीही नीट ठरलेल्या नव्हत्या. तरीही १८६३ पर्यंत त्याने सुमारे ९८० थडगी उकरली, प्रत्येकात काय कोणत्या जागी होते याची नोंद केली आणि त्यांची जलरंगातील चित्रे काढून घेतली. वस्तू काढून बाकीचे फेकून देण्याच्या त्या जमान्यात ही शिस्त विलक्षण होती. १८५६ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफ आणि सम्राज्ञी एलिझाबेथ यांच्या उपस्थितीतही उत्खनन झाले. रामझाउअर वरच्या बुरुजातच राहत असे. १२८४ मध्ये खाणीच्या रक्षणासाठी बांधलेला आणि हाब्सबुर्ग घराण्यातील पहिल्या रुडोल्फच्या नावाने ओळखला जाणारा हा बुरूज आज उपाहारगृह म्हणून वापरात आहे. त्याच्याजवळच गावापासून सुमारे ३५० मीटर उंचीवर दरीत झेपावणारा सज्जा बांधला आहे आणि बहुतेक पर्यटक तेवढाच पाहून खाली उतरतात.

थडग्यांमधून जे मिळाले त्यावरून हे केवळ डोंगरातले एक खेडे नव्हते हे स्पष्ट होते. काही मृतांना पुरलेले होते, तर काहींचे दहन करून अस्थी ठेवलेल्या होत्या. त्यांच्यासोबत काशाची भांडी, लोखंडी आणि काशाच्या तलवारी, दागिने अशा वस्तू मिळाल्या. तलवारीच्या एका मुठीवर हस्तिदंत आणि अंबर (झाडाच्या चिकाचा अश्मीभूत खडा) जडवलेले आहे. अंबर बाल्टिक समुद्राच्या बाजूने आलेले आणि हस्तिदंत त्याहूनही दूरच्या दक्षिणेकडून! एवढ्या उंचीवरच्या, शेतीला प्रतिकूल जागी ही श्रीमंती केवळ मिठामुळे आली. अन्न टिकवण्यासाठी मीठ सर्वांनाच हवे होते आणि ते इथे डोंगर पोखरला की मिळत होते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती सांगाड्यांच्या अभ्यासातून पुढे आलेली बाब. स्नायू जिथे हाडांना जोडलेले असतात तिथल्या खुणांवरून या माणसांनी, स्त्रियांनीसुद्धा, आयुष्यभर जड कामे केली होती असे दिसते. म्हणजे ज्यांच्या थडग्यांत एवढे वैभव होते ते आयते बसून खाणारे मालक नव्हते, तर स्वतः राबणारे लोक होते. इ.स.पू. ८०० ते ४५० या काळातील समाजरचनेबद्दल वर्गात शिकवलेले जे चित्र असते त्याला इथे थोडा धक्का बसतो, आणि तुमच्या वडिलांना त्याच धक्क्यात रस असेल असा माझा अंदाज आहे.

आता खाणीविषयी. डोंगराच्या पोटातले मीठ प्रचंड दाबाखाली अतिशय मंद गतीने सरकत राहते, त्यामुळे माणसांनी सोडून दिलेले बोगदे कालांतराने आपोआप मिटतात आणि आत राहिलेली प्रत्येक वस्तू मिठात घट्ट अडकून पडते. मीठ ओलावा शोषून घेते आणि जंतूंना वाढू देत नाही, म्हणून एरवी कुजून नाहीशा झाल्या असत्या अशा वस्तू इथे जशाच्या तशा सापडतात : जळक्या चुडांचे ढीग, रंगीत विणकामाचे कापडाचे तुकडे, चामड्याची पाठीवरची पिशवी, दोरखंड. २००३ मध्ये इथे एक लाकडी जिना सापडला. वृक्षवलयांवरून त्याचे लाकूड इ.स.पू. १३४४ च्या सुमारास तोडलेले असल्याचे ठरले; म्हणजे ज्याला आपण हालश्टाट काळ म्हणतो त्याच्याही पाच शतके आधीचा हा जिना आहे. त्याच्या पायऱ्या सुट्या करून हव्या त्या उताराला बसवता येतील अशी त्याची रचना आहे. खाणीच्या सफरीत तो पाहायला मिळतो आणि माझ्या मते ६४ मीटरच्या घसरगुंडीपेक्षा त्याच्यापुढे जास्त वेळ थांबावे.

१७३४ मध्ये याच खाणीत एका प्राचीन कामगाराचे मिठात टिकून राहिलेले शव मिळाले होते. तेव्हा लोकांनी ते पुरून टाकले, त्यामुळे अभ्यासकांच्या हाती काहीच लागले नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र त्या काळच्या कामगारांच्या विष्ठेचे मिठाने टिकवलेले नमुने तपासले गेले. लोहयुगातील एका नमुन्यात निळ्या बुरशीचे चीज आणि बिअर तयार करताना वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्मजीवांचे जनुकीय अंश आढळले. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हे लोक दूध आणि धान्य मुद्दाम आंबवून खात-पीत होते, याचा इतका थेट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

अस्थिगृहाबद्दल तुम्ही विचारले आहे. त्याला विचित्र म्हणणे अन्यायाचे होईल. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये अडकलेल्या या गावात दफनभूमीला जागाच नाही. म्हणून ठरावीक वर्षांनी थडगे उघडून त्यात दुसऱ्याला जागा देत, आणि आधीच्या व्यक्तीची कवटी स्वच्छ करून, उन्हात वाळवून संत मायकेलच्या छोट्या प्रार्थनागृहात ठेवत. तिथे सुमारे १,२०० कवट्या असून त्यांपैकी सहाशेहून अधिक रंगवलेल्या आहेत. कपाळावर नाव, मृत्यूचे साल आणि पानाफुलांची नक्षी असते; एकाच घराण्याच्या कवट्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. दहनाला कॅथलिक धर्मसंस्थेने १९६० च्या दशकात मुभा दिल्यानंतर ही प्रथा हळूहळू थांबली आणि शेवटची कवटी १९९५ मध्ये ठेवली गेली. तिथे जायला दफनभूमीपर्यंत दगडी पायऱ्या चढाव्या लागतात, एवढे मात्र ध्यानात ठेवा. शेजारच्या चर्चमधील सोळाव्या शतकाच्या आरंभीची लेओनहार्ड आस्टल याची कोरीव पंखवेदी (उघडमीट होणाऱ्या दारांची वेदी) त्याच चढात पाहून होते.

उंबरठा

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण एका बाबतीत माझा मतभेद आहे. मुक्काम करावा हे मान्य. तो हालश्टाटमध्येच करावा हे मान्य नाही. साधारण साडेसातशे-आठशे लोकवस्तीचे हे गाव आहे आणि ऐन हंगामात तिथे एका दिवसाला दहा हजारांपर्यंत पर्यटक येतात. १९९७ मध्ये या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि २०१२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात या गावाची प्रतिकृती उभारली गेली. त्यानंतर मूळ गाव पाहायला येणाऱ्यांची रीघ आणखी वाढली. २०२३ च्या मे महिन्यात छायाचित्रे काढणाऱ्यांचा गोंगाट कमी व्हावा म्हणून त्या प्रसिद्ध जागी लाकडी कुंपण घातले गेले होते. टीका झाल्यावर ते काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रहिवाशांनी बोगद्याजवळ रस्ता अडवून बसगाड्यांवर मर्यादा घालण्याची मागणी केली. पर्यटक बसना आधी वेळ राखून ठेवावी लागते, तरीही गावकऱ्यांना ते पुरेसे वाटत नाही. त्यांच्या दारासमोर आपण उभे असतो, याचे भान आपल्यापैकी प्रत्येकाने ठेवायला हवे. घरांच्या अंगणात शिरणे, खिडक्यांतून आत डोकावणे आणि ड्रोन उडवणे या गोष्टी तिथे कोणालाही खपत नाहीत, आणि ते रास्तच आहे.

म्हणून ओबरट्राउनचा विचार करा. ते तळ्याच्या दक्षिण टोकाला आहे, तिथे स्वतःचे रेल्वे स्थानक आहे, हालश्टाटला बस जाते, राहण्याचा खर्च कमी येतो आणि तुमच्या आईंना हवी असलेली शांतता तिथे दुपारीसुद्धा मिळते. पूर्व किनाऱ्याने जाणारी पायवाट तिथूनच सुरू होते. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कडा अशी ही वाट बहुतांशी सपाट असल्यामुळे वडिलांच्या गुडघ्यांनाही मानवेल. हवा स्वच्छ असेल तर ओबरट्राउनहून रोपवेने क्रिपनश्टाइनवर जाऊन २,९९५ मीटर उंचीच्या दाखश्टाइनची हिमनदी पाहता येते. ढग असतील तर मात्र पैसे खर्च करू नका.

घाटवाट

तिघांचेही मनापासून आभार. वडिलांना ताम्रपट यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ज्यांच्या थडग्यांत वैभव होते ते स्वतः राबणारे होते, या वाक्यावर त्यांनी मला थांबवले आणि तो भाग पुन्हा वाचायला लावला. ओबरट्राउनला राहण्याची सूचना आईला पटली आहे.

आता दोन उपप्रश्न. थडग्यांमधील मूळ वस्तू गावातल्या संग्रहालयात आहेत की व्हिएन्नात? आणि आम्ही तिघेही शाकाहारी आहोत, तर जेवणाची कितपत अडचण येईल?

ताम्रपट

महत्त्वाच्या बऱ्याच वस्तू व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहेत. हालश्टाटमधले उत्खनन आणि संशोधनही अनेक दशकांपासून तेच संग्रहालय करीत आहे. गावातले संग्रहालय लहान आहे, पण क्रम समजून घेण्यासाठी चांगले आहे. तुमचा प्रवास आधी हालश्टाट आणि मग व्हिएन्ना असा आहे, हे फार चांगले झाले. आधी ती दरी पायांखालून गेली की नंतर काचेआडची तलवार आणि चामड्याची पिशवी कुठून आली हे वडिलांना सांगावे लागणार नाही. व्हिएन्नात अर्धा दिवस त्यासाठी राखून ठेवा आणि संग्रहालयाचा साप्ताहिक सुट्टीचा वार आधी पाहून घ्या.

सांजसावली

जेवणाची अडचण होईल, पण उपाशी राहावे लागणार नाही. चीज घातलेले केझश्पेट्सले, म्हणजे पिठाचे उकडलेले छोटे गोळे, बहुतेक ठिकाणी मिळते. मात्र त्यावर कधी कधी डुकराच्या मांसाचे तुकडे टाकतात, म्हणून मागवतानाच स्पष्ट विचारावे. सूप शाकाहारी दिसले तरी ते बहुधा मांसाच्या रसाचे असते. काइझरश्मार्न म्हणजे तुकडे केलेले जाड गोड धिरडे, सोबत आलुबुखाराचा मुरंबा. त्यात अंडे असते, ते चालत असेल तर दोघांत एक पुरते. रविवारी आणि सणाच्या दिवशी ऑस्ट्रियात किराणा दुकाने बंद असतात, त्यामुळे फळे, दही, पाव आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

सणावरून आठवले. ईस्टरनंतर साठाव्या दिवशी, म्हणजे मे अखेरपासून जूनअखेरपर्यंत कधीतरी येणाऱ्या एका गुरुवारी, हालश्टाटच्या तळ्यात धार्मिक मिरवणूक निघते. पूर्वी मीठ वाहून नेणाऱ्या सपाट तळाच्या नौकांची आठवण देणाऱ्या सजवलेल्या होड्या तेव्हा पाण्यावर असतात. तुमच्या तारखा त्याच आठवड्यात येत असतील तर पाहायला अवश्य जा, पण राहण्याची जागा आजच ठरवा आणि त्या दिवशी बोटींचे वेळापत्रक बदलते का, हे आदल्या संध्याकाळी धक्क्यावर विचारून घ्या.